सतरा आठे

बेडूक ओरडला आणि अख्खी चौथी हसली.

"परत अक्षदा," सोहम म्हणाला. त्याला मान वर करून बघायचीही गरज वाटली नाही.

अक्षदा मदने टॅब मांडीवर घेऊन बसली होती. पडद्यावरचा बेडूक गाल फुगवून तिच्याकडे बघत होता आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, दहापैकी नऊ.

"सतराचाच पाढा का?" मी विचारलं.

तिने मान डोलावली.

"अगं, बाकीच्या सगळ्या पाढ्यांचे मुकुट मिळालेत तुला, आणि सतरावर महिनाभर बसून आहेस. एक उत्तर राहतंय फक्त. घाई करतेस तू."

"घाई न्हाई करत, सर. मी एकशे एकोणीसमधी सतरा मिळवले, आन्‌ मग..."

"तिथंच चुकतेस. मिळवामिळवी करायचीच नाही. पाढा तोंडातून आपोआप यायला पाहिजे. टॅबमध्ये माझा आवाज आहे ना? तो ऐक आणि तसंच म्हण."

"लई येळा ऐकलाय, सर."

"मग अजून ऐक."

तिने कानात वायर घातली आणि डोळे मिटून माझा आवाज ऐकू लागली. मी समाधानाने दुसऱ्या ओळीकडे वळलो. त्या दिवसांत मला समाधान फार लवकर वाटत असे.

या गोष्टीला दहा-अकरा वर्षं झाली. माणदेशातल्या एका वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत मी होतो. पहिली-दुसरी मुख्याध्यापिका निकमबाईंकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. सगळी मिळून एकतीस पोरं. तेव्हा शिक्षकांमध्ये 'तंत्रस्नेही' नावाची एक नवी जात निघाली होती. ज्याला प्रोजेक्टर लावता येतो, ब्लॉग लिहिता येतो आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या चार गटांचा जो अ‍ॅडमिन आहे, तो तंत्रस्नेही. मी त्यातला कट्टर. गावाने शाळेला पाच टॅब दिले, तेव्हा ते पुसायला मी घरून मऊ फडकं आणलं होतं.

पाढ्यांची खेळाची अ‍ॅपं तेव्हाही ढीगभर होती, पण त्यात पाढे इंग्रजी, नाहीतर बोलणारी बाई कुठल्या तरी परक्या मराठीत बोलणारी. मी ठरवलं, आपण आपलं काढायचं. माझा भाचा शिरीष पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होता, त्याला कामाला लावलं. त्याने चार रविवार घालवून सांगाडा करून दिला. एक भाग ऐकायचा, दुसरा परीक्षेचा. बरोबर आलं की टाळ्या, चुकलं की बेडूक. दहाच्या दहा आले की त्या पाढ्याचा मुकुट.

"मामा, उत्तरं तुम्ही टाइप कशाला करताय?" त्याने विचारलं होतं. "मशीन गुणाकार करतंच. एका ओळीचं काम आहे."

"मशीनचा गुणाकार वेगळा आणि पाढा वेगळा," मी म्हणालो. "पाढे शिक्षकाच्या तोंडचेच पाहिजेत. मी बोलणार, आणि जे बोलणार तेच टाइप करणार."

"बरं," शिरीष म्हणाला. मामापुढे भाचा आणखी काय म्हणणार.

बे ते वीस, एकशे नव्वद उत्तरं मी एका बैठकीत टाइप केली आणि घरच्यांना टीव्ही बंद करायला लावून माझ्या आवाजात भरली. नाव ठेवलं 'पाढेसम्राट'. नाव ठेवताना सम्राट कोण, हे माझ्या मनात अगदी स्पष्ट होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आमच्या शाळेत एक जुनी पद्धत होती. शाळा सुटायच्या आधी सगळी पोरं व्हरांड्यात ओळीने बसायची, एकाने पुढे उभं राहून पाढा सांगायचा आणि बाकीच्यांनी ओरडून म्हणायचा. निकमबाई खुर्ची टाकून डोळे मिटून ऐकायच्या. त्या झोपल्यात असं वाटायचं, पण कुणी एक आकडा चुकला की डोळा न उघडता म्हणायच्या, "मागं या." मी ती पद्धत बंद करायला लावली.

"बाई, या गोंगाटात कोण काय म्हणतंय कळत नाही. मागची पोरं नुसतं तोंड हलवतात," मी म्हणालो. "आता प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र पाढा."

"म्हणजे पाढे कानात आणि बेडूक वर्गात," बाई म्हणाल्या.

"शास्त्रीय पद्धत आहे."

"असू द्या. माझी दोन वर्षं राहिलीत. तुमचं शास्त्र बघून तरी जाते." त्यांनी खुर्ची उचलून आत नेली.

अ‍ॅप गाजलं, हे मात्र खरं. आसपासच्या, आमच्या केंद्रातल्या बाकी शाळांनी घेतलं, मग तालुक्यात पसरलं. डिसेंबरपर्यंत चाळीसेक शाळांमधली पोरं माझ्या आवाजात पाढे शिकत होती. मला कुठल्या कुठल्या गुरुजींचे फोन यायचे आणि मी 'अहो, त्यात काय एवढं' असं म्हणायचो. ते म्हणण्याची सुद्धा एक लकब मी बसवली होती. शेवटी पंचायत समितीतून निरोप आला. फेब्रुवारीत तालुक्याला शिक्षकांचा मेळावा आहे, तिथे तीन विद्यार्थी घेऊन प्रात्यक्षिक द्यायचं. आवडलं तर पुढे जिल्ह्याला.

मी वर्गात नियम जाहीर केला. ज्यांचे एकोणीसच्या एकोणीस मुकुट होतील, त्यातले पहिले तिघं तालुक्याला. जीपने जायचं, मेळाव्यात जेवण, आणि प्रत्येकाला अ‍ॅपचं नाव छापलेली पांढरी टोपी.

सोहम आणि प्रणाली दोन आठवड्यांत पार झाली. दोघांनी माझा आवाज असा पाठ केला होता की मी पाढ्यात जिथे खोकलो होतो तिथे सोहमही थोडं थांबायचा. तिसरी जागा अक्षदाची, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं, कारण तिच्याइतकं गणित कुणालाच येत नव्हतं. पण सतराचा मुकुट काही तिला मिळेना. रोज दहापैकी नऊ, रोज बेडूक. पोरं तिला 'बेडकी' म्हणायला लागली. मी एकदा रागावलो पोरांना, पण खरं सांगायचं तर मनातून मलाही तिचा राग यायचा. एवढी हुशार मुलगी आणि एका उत्तरासाठी माझ्या अ‍ॅपचं नाक कापते, असं वाटायचं. ते कुठलं उत्तर, हे मी एकदाही बघितलं नाही. अ‍ॅपवर फक्त गुण दिसायचे आणि मला गुण पुरायचे.

"तू नाही केलंस तर शेवटी मला वेदांतला न्यावं लागेल," मी जानेवारीच्या शेवटी तिला सांगितलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दोन दिवसांनी टाळ्या वाजल्या. मी धावत गेलो. अक्षदाच्या पडद्यावर सतराचा मुकुट चमकत होता. मी अख्ख्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि चिकाटी या विषयावर दहा मिनिटं बोललो. अक्षदा मुकुटाकडे बघत होती. तिला जेवढा आनंद व्हायला हवा तेवढा झालेला दिसत नव्हता, पण ती दमली असेल असं मी ठरवून टाकलं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिचे वडील दत्तू मदने संमतीपत्रावर सही करायला आले. ते फरशी बसवायचं काम करायचे. हाताला सिमेंट तसंच होतं. त्यांनी पायरीवर चपला काढल्या, सही केली, कागदावर फुंकर मारली आणि तसेच उभे राहिले.

"बसा की, दत्तूभाऊ."

"न्हाई, कामावर जायाचं हाय. सर, एक इचारू का? राग न्हाई ना यायचा?"

"विचारा की."

"त्या मोबाईलचं गनित येगळं असतंय का?"

मला हसू आलं. "वेगळं कसं असेल? गणित सगळीकडं एकच."

"व्हय, तेच म्या म्हनत व्हतो." ते घुटमळले. "न्हवं, आमच्यात कसं असतंय, आठ फरश्यांच्या सतरा रांगा लावल्या तर एकशे छत्तीस लागत्यात. नेहमीचंच हाय आमचं. आन्‌ तुमच्या मोबाईलात एकशे चौतीस म्हनतंय. पोरगी मला इचारायला लागली. म्या वस्तीवरच्या कामावर न्हेऊन तिला मोजून दावलं. तिनं पन मोजलं, दोनदा मोजलं. मग घरी आली आन्‌ रडत बसली. बेडूक वरडतोय म्हनली."

मी टेबलावरचं संमतीपत्र उगाच सरळ केलं.

"मग म्याच तिला सांगितलं, बाई, साळंत साळंचं सांग, घरात घरचं. सरांनी येवढं केलंय, त्येंचं खोटं पाडायचं नसतंय. काय तरी असंल त्येंच्यात." ते हसले. "दुसऱ्याच दिशी मुकुट आला बगा. तुमी मनावर नका घिऊ, सर. म्या आपलं इचारलं."

ते चपला घालून गेले. मी टेबलाच्या खणातून कागद काढला आणि सतरा गुणिले आठ मांडलं. आठ साते छप्पन्न, सहा, हातचे पाच. आठ एके आठ आणि पाच, तेरा. एकशे छत्तीस. परत मांडलं. मग उलटं मांडलं. मग फोनमध्ये केलं. कागदाला आणि फोनला माझी काहीच दया आली नाही.

मग मी मनात पाढा म्हणून बघितला. सतरा साते एकशे एकोणीस, सतरा आठे एकशे चौतीस, सतरा नवे एकशे त्रेपन्न. कसा गोड, न अडखळता. टाइप करताना बोट घसरलं असतं तर एक वेळ मनाला समजावलं असतं. पण माझ्या तोंडात ते लहानपणापासूनच तसं होतं. कुठल्या तरी पावसाळी सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या यत्तेत मी चुकीचं पाठ केलं आणि कुणाच्याही ध्यानात आलं नाही. पुढे डी.एड. झालो, नोकरी लागली, लग्न झालं, दोन पोरं झाली. सतरा आठे करायची वेळ माणसावर आयुष्यात येते तरी किती वेळा? माझ्यावर आली नव्हती. आणि आता चाळीस शाळांमधली पोरं माझ्याकडून ते शिकली होती, खोकल्यासकट.

मी शिरीषला फोन लावला. "एक आकडा बदलायचाय," मी म्हणालो.

"करतो मामा. पण सगळ्यांच्या फोनवर पोचायला तीन-चार दिवस लागतील. आणि तुम्हाला ती ओळ पुन्हा बोलून द्यावी लागेल. कुठला आकडा?"

"नंतर सांगतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आता जे मी केलं ते सांगायला अजूनही जड जातं. मी हिशेब केला. एकशे नव्वद प्रश्न, त्यातले प्रात्यक्षिकात तीस विचारायचे. सहात पाच वेळा तो प्रश्न येणारच नाही. आणि आला तरी काय? तिघंही एकशे चौतीसच सांगणार, टाळ्याच वाजणार. मेळावा होऊन जाऊ दे, मग गुपचूप बदलू. कुणाला कळतंय. निकमबाईंना सांगावं असं एकदा वाटलं. त्या शेजारच्या वर्गात पहिलीच्या पोरांना बडबडगीत शिकवत होत्या. मी दारापर्यंत गेलो आणि खडू मागून परत आलो.

मेळावा तालुक्याच्या मोठ्या शाळेच्या सभागृहात होता. ऐंशीएक शिक्षक, पुढच्या ओळीत पंचायत समितीच्या मोठ्या मॅडम, मागे पडदा. माझी तिन्ही पोरं टोप्या घालून स्टेजवर बसली. अक्षदाची टोपी तिला मोठी होती, सारखी कपाळावर यायची. निकमबाई तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या होत्या.

मी प्रस्तावना केली. ती चांगली झाली, असं तेव्हा लोक म्हणाले. मग खेळ सुरू झाला. पडद्यावर प्रश्न यायचा, पोराने माइकवर उत्तर सांगायचं आणि टॅबवर टाइप करायचं. सोहम, प्रणाली, अक्षदा, पुन्हा सोहम. तेरा नवे, अठरा सक, चौदा चोक. पोरं धडाधड सांगत होती. प्रत्येक उत्तराला अ‍ॅप टाळ्या वाजवत होतं आणि त्यामागोमाग सभागृह. मोठ्या मॅडम शेजारच्यांच्या कानात काहीतरी म्हणाल्या आणि दोघांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. वीस प्रश्न झाले, चोवीस झाले. मी श्वास सोडला.

सत्ताविसावा प्रश्न अक्षदाचा होता. पडद्यावर आलं, १७ × ८.

अक्षदाने टोपी वर सारली. माइक हातात घेतला. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि थांबली.

"सांग बाळ," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "येतंय ना?"

"सर," अक्षदा माइकवरच म्हणाली, "खरं सांगू, का मोबाईलमधलं सांगू?"

सभागृह हसलं. छान, मोकळं हसलं. पोरीच्या तोंडची गंमत म्हणून हसलं. मॅडमही हसल्या. अक्षदा मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिने मला मुद्दाम पेचात धरलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिला खरोखरच माहीत नव्हतं की इथे कुठलं चालतं. घरी घरचं, शाळेत शाळेचं, पण ही तालुक्याची जागा कशात धरायची, ते तिच्या वडिलांनी सांगितलेलं नव्हतं.

मी तोंड उघडलं. तोंड उघडं आणि मान थोडी वाकडी, असा मी उभा राहिलो. तिने माझा चेहरा नीट बघून घेतला. मग पडद्याकडे वळली आणि म्हणाली, "एकशे चौतीस."

तिने टाइप केलं. पडदा हिरवा झाला, अ‍ॅपने टाळ्या वाजवल्या, आणि ऐंशी शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. ऐंशीच्या ऐंशी. एकालाही शंका आली नाही, कारण पडदा हिरवा होता. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "शाब्बास." सोहमने अक्षदाच्या पाठीवर थाप मारली. तिने माइक प्रणालीकडे दिला आणि मांडीवर हात ठेवून खाली बघत बसली. टोपी कपाळावर आली होती, ती तिने वर केली नाही.

नऊ वर्षांच्या पोरीने माझी अब्रू झाकली होती. महिनाभर मी तिला ज्या उत्तरासाठी रागावलो, ते बरोबर उत्तर तिने माझ्यासाठी गिळलं होतं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि त्यानंतरही कधी वाटली नाही.

"थांबा," मी म्हणालो. आवाज फार मोठा निघाला. "मॅडम, थांबा. उत्तर चुकलंय."

"बरोबर आहे की, सर," सोहम म्हणाला. "हिरवं झालंय."

"हिरवं झालं तरी चुकलंय. अक्षदा, खरं सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. "नक्की सांगू?"

"नक्की. घरचं सांग."

"एकशे छत्तीस," ती म्हणाली.

"टाइप कर बघू," मॅडम म्हणाल्या. मी तोच प्रश्न पुन्हा पडद्यावर आणला. तिने टाइप केलं. सभागृहाच्या चार मोठ्या स्पीकरमधून बेडूक ओरडला. वर्गात तो एवढा मोठा वाटत नसे.

मग जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. ऐंशी गुरुजी आणि बाईंनी खिशातून, पिशवीतून फोन काढले आणि माना खाली घालून सतरा गुणिले आठ केलं. मोठ्या मॅडमनीही केलं. आधी पुढच्या रांगेत कुजबुज झाली, मग मागच्या.

"ही चूक कुणाची?" मॅडमनी विचारलं.

"माझी," मी म्हणालो. "टायपिंगची नाही. मला लहानपणापासून तसंच पाठ आहे. काल दुपारी कळलं मला. आणि हिला महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. ही बरोबर सांगत होती आणि मी हिला घाई करतेस म्हणत होतो."

सभागृहात कुणीतरी हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. मॅडमनी फोन पर्समध्ये ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते अगदी सरळ होतं. एक-एक आकडा तपासून होईपर्यंत अ‍ॅप सगळ्या शाळांनी बंद ठेवायचं. जिल्ह्याचं नंतर बघू. "आणि बाबर," त्या म्हणाल्या, "काल कळलं होतं, तर काल सांगायचं होतं."

जिल्ह्याचं पुढे कधी बघितलं गेलं नाही, हे वेगळं सांगायला नको. आजही तालुक्यात नवीन ओळख झाली की कुणीतरी विचारतं, "सतरा आठेवाले बाबर तुम्हीच का?"

परतताना जीपमध्ये पोरं मागे बसली होती. सोहम अस्वस्थ होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "सर, मग माझा सतराचा मुकुट गेला का?"

"गेला," मी म्हणालो. "माझाही गेला."

"अक्षदाचा?"

"अक्षदाचा मी महिनाभर अडवून ठेवला होता. अक्षदा, माझं चुकलं. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही."

अक्षदा खिडकीकडे बघत होती. "असू द्या, सर," ती म्हणाली. "दोनच कमी होते."

निकमबाई पुढच्या सीटवर होत्या. त्या आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "व्हरांड्यात म्हणायला लावले असते पाढे, तर पहिल्याच दिवशी पकडलं असतं तुम्हाला."

"हो, बाई."

"डोळे मिटून पकडलं असतं."

"हो, बाई."

"सोमवारपासून खुर्ची बाहेर टाका." जीप वळणावर हळू झाली. मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. माझं तेरा साते आहे. अजून मनात एकोणनव्वदच येतं, मग मी गुपचूप दोन वाढवते."

मागे तिन्ही पोरं एकमेकांना कोपर मारत होती. मंगळवारपर्यंत ते सगळ्या वस्तीला माहीत झालं.

सोमवारी व्हरांड्यात पुन्हा पाढे सुरू झाले. टॅब राहिले, पण कानातल्या वायरी मी कपाटात ठेवल्या. शिरीषने सतरा आठे दुरुस्त केलं, मी ती ओळ नव्याने बोलून दिली. जीभ तीन वेळा जुन्या वाटेने गेली, चौथ्यांदा जमलं. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे सगळे आकडे तपासून घेतले. एवढं झाल्यावर माझ्या अंगात पुन्हा थोडं वारं शिरलं. मी एकवीस ते तीसचे पाढे टाकायचं ठरवलं, आणि या खेपेला कॅल्क्युलेटर शेजारी घेऊन बसलो. शंभर उत्तरं कागदावर काढली, ती अक्षदाला दिली आणि म्हणालो, "कुठे पाठवायच्या आधी तू बघ. मिळवामिळवी करून बघ. किती दिवस लागले तरी चालतील."

चार दिवसांनी ती वही घेऊन माझ्या टेबलाशी आली. वर्ग शुद्धलेखन लिहीत होता. निकमबाई हजेरीपत्रक मागायला येऊन दारात उभ्या होत्या.

"सर," अक्षदा म्हणाली, "सव्वीसमधी एक गावलंय."

"शक्य नाही," मी म्हणालो. "कॅल्क्युलेटरवर केलंय."

तिने वही उघडली, पण लगेच पुढे केली नाही. आधी वर्गाकडे बघितलं, मग दारातल्या बाईंकडे बघितलं. मग टेबलावर वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं, "हितं सांगू, का भाईर येताय?"

वर्गातली सगळी डोकी खाली होती. मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो.

"हितंच सांग," मी म्हणालो. "आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."